जपानी शिकायची आहे? मराठी माणसाला पडणारे, वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यात जपानी शिकवताना जे प्रश्न दर नव्या तुकडीत येतात, ते इथे एकत्र केले आहेत. जिथे सांगण्यासारखं जास्त आहे तिथे उत्तर लांबलं आहे. काही प्रश्नांना दोन ओळी पुरतात.

जपानी ही जगातल्या सर्वांत अवघड भाषांपैकी एक आहे म्हणतात. मला झेपेल का?

ही कीर्ती बरीचशी अमेरिकेतून आलेली आहे. अमेरिकी परराष्ट्र खात्याच्या प्रशिक्षण संस्थेने आपल्या अधिकाऱ्यांसाठी भाषांची प्रतवारी केली आहे. तीत जपानी, चिनी, कोरियन आणि अरबी सर्वांत वरच्या गटात बसतात, आणि कामापुरती भाषा यायला वर्गातले सुमारे २,२०० तास लागतील असा हिशोब दिलेला आहे. इंटरनेटवर हा आकडा सगळीकडे फिरतो. पण तो इंग्रजी मातृभाषा असलेल्यांचा आहे. त्यांना क्रियापद वाक्याच्या शेवटी नेणं हीच पहिली मोठी चढण वाटते. तुम्ही जन्मल्यापासून क्रियापद शेवटीच ठेवता आहात.

लिपीचा भाग मात्र तुम्हालाही तितकाच अवघड जाणार आहे. तिथे सवलत नाही.

मराठी येत असण्याचा खरंच फायदा होतो, की ही नुसती क्लासची जाहिरात?

खरंच होतो, आणि बहुतेक जण तो वाया घालवतात. कारण पुस्तकं इंग्रजीतून समजावणारी असतात. मराठी मुलगा आधी जपानी वाक्य इंग्रजीत नेतो, मग मराठीत आणतो, आणि या फेरीत सोपी गोष्ट अवघड करून बसतो. माझा पहिला आणि आग्रहाचा सल्ला हाच: व्याकरण इंग्रजीवरून समजून घेऊ नका, थेट मराठीशी लावून बघा.

उदाहरणं घ्या. ‘शिते मिरु’ म्हणजे शब्दशः ‘करून बघणे’, आणि अर्थही तोच, प्रयत्न करून पाहणे. ‘शिते ओकु’ म्हणजे ‘करून ठेवणे’. पाहुणे यायच्या आधी भाजी चिरून ठेवतो, तेच ठेवणं. ‘ताबेते शिमाउ’ला ‘खाऊन टाकणे’ अगदी जवळचं. ‘मोत्ते कुरु’ म्हणजे ‘घेऊन येणे’. या रचना इंग्रजी पुस्तकात पानभर समजावलेल्या असतात आणि तरी डोक्यात शिरत नाहीत. मराठीत त्या एका ओळीत संपतात.

‘भाजी घेऊन, घरी जाऊन, स्वयंपाक करून जेवलो’ अशी ऊन-ऊनची साखळी आपण लावतो, तशीच जपानीत क्रियापदाच्या ‘ते’ रूपाची (वरच्या ‘शिते’, ‘ताबेते’ची) लागते. ‘काल आलेला माणूस’ हे ‘किनोऽ किता हितो’ (ऽ म्हणजे आधीचा स्वर लांबवायचा, ही खूण इथे सोयीसाठी लावली आहे); नामाच्या आधी अख्खं वाक्य विशेषणासारखं बसवणं आपल्याला नवं नाही. ‘रामा म्हणून एक माणूस’ यातल्या ‘म्हणून’ची जागा ‘तो इउ’ घेतं. ‘मला जपानी समजते’, ‘मला मासे आवडतात’, ‘मला पोहता येतं’ या वाक्यांत आपण ‘मी’ला कर्ता करत नाही. जपानीतही समजणारी, आवडणारी, येणारी गोष्ट ‘गा’ हा कर्त्याचा प्रत्यय घेते. इंग्रजीवरून येणारा इथे हमखास अडखळतो.

ध्वन्यनुकारी शब्दांचीही तीच गत. रिमझिम, टपटप, लखलख, चुळबुळ यांवर वाढलेल्या माणसाला ‘झाऽझाऽ’ पाऊस (धो धो) आणि ‘पेरापेरा’ बोलणं (घडाघडा) पटकन आवडतं. जपानीत असे शब्द रोजच्या बोलण्यात ढिगाने येतात.

मग मराठी आडवी कुठे येते?

जिथे साम्य जवळजवळ पूर्ण आहे पण शेवटच्या क्षणी सुटतं, तिथे.

‘ला’चं घ्या. ‘तोक्योला जातो’, ‘मित्राला देतो’ इथे ‘नि’ बरोबर बसतो. मग विद्यार्थी ‘मुलाला बघितलं’ इथेही ‘नि’ लावतो आणि चुकतो. तिथे कर्माचा ‘ओ’ हवा. ‘घरी आहे’ आणि ‘घरी जेवलो’ यांत आपण फरक करत नाही. जपानीत नुसतं असण्याला ‘नि’, काही करण्याला ‘दे’.

देणं हा दुसरा खड्डा. आपल्याकडे देणं एकच. जपानीत मी दुसऱ्याला दिलं तर ‘आगेरु’, दुसऱ्याने मला दिलं तर ‘कुरेरु’. वाक्यात ‘मी’, ‘मला’ बहुतेक वेळा बोललंच जात नाही, त्यामुळे कोणी कोणाला दिलं हे केवळ या क्रियापदावरून कळतं. इथे घाई करू नका, दोन आठवडे द्या.

विशेषणांना काळ लागतो हेही विचित्र वाटतं. ‘गरम होतं’ म्हणताना ‘होतं’ वेगळं येत नाही, ‘अत्सुइ’ या विशेषणाचंच ‘अत्सुकात्ता’ होतं. त्या बदल्यात लिंग नाही, वचनाप्रमाणे रूपं नाहीत. तो टेबल की ते टेबल, यावर वाद घालणाऱ्या घरातल्या माणसाला हा मोठाच दिलासा.

मोजण्याचे शब्द पाठच करावे लागतात: माणसांना एक शब्द, लांबट वस्तूंना ‘होन’, चपट्यांना ‘माइ’, पुस्तकांना ‘सात्सु’. आपण ‘चार जण’ म्हणतो, पण ‘जण’ लावून पेन्सिली मोजत नाही, हे आठवलं की कल्पना पचते. आकड्यांत मात्र अनुभवी लोकही घसरतात. जपानी मोजणी दहा हजारांच्या ‘मान’वर चालते. आपला १ लाख म्हणजे १० मान, १ कोटी म्हणजे १,००० मान, आणि ‘ओकु’ म्हणजे १० कोटी. कंपनीच्या बैठकीत येनचे आकडे भरभर बोलले जातात तेव्हा मनात हिशोब करत बसायला वेळ नसतो. किमती, पगार, लोकसंख्या असे आकडे मोठ्याने म्हणायचा वेगळा सराव करा.

लिपी शिकेपर्यंत देवनागरीत लिहून घेतलं तर चालेल ना?

पहिला आठवडा चालेल. पुढे नाही.

रोमन लिपीपेक्षा देवनागरी बरी, हे खरं. ‘त्सु’ या अक्षराचा उच्चार ‘चूल’मधल्या दंत्य च-च्या जवळचा, आणि ‘झु’चा ‘जहाज’मधल्या ज-च्या. दंत्य आणि तालव्य असे दोन्ही च आणि ज मराठीत असल्यामुळे हे आवाज आपल्या तोंडात तयारच असतात. ‘पक्का’, ‘गप्पा’ म्हणणाऱ्याला ‘कित्ते’ (टपाल तिकीट) आणि ‘किते’ (येऊन) यांतला फरकही फुकट मिळतो.

पण देवनागरीत ऱ्हस्व-दीर्घ ओ नाही आणि ए-सुद्धा नाही. ‘कोको’ म्हणजे ‘इथे’. दोन्ही ओ लांबवले की ‘हायस्कूल’. वहीत दोन्ही ‘कोको’च दिसतात. ‘ओबासान’ मावशी-आत्या आणि ‘ओबाऽसान’ आजी. हे निदान काना देऊन वेगळं दाखवायची सोय तरी आहे, ओ-ला तीही नाही. वर्षभर देवनागरीत टिपणं काढणाऱ्यांचा कान या लांबीला बहिरा होतो आणि मग तो दुरुस्त करायला फार वेळ जातो.

हिरागाना आणि काताकाना या जपानीच्या दोन उच्चारदर्शक लिप्या; काताकाना मुख्यतः परकीय शब्दांसाठी. हिरागानाची मूळ अक्षरं ४६, काताकानाचीही ४६. आणि क्रम तुमच्या ओळखीचा आहे: आ, इ, उ, ए, ओ, मग का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा. ही आपली वर्णमालाच आहे, मधली काही घरं गाळलेली. बौद्ध भिक्षूंनी चीनमार्गे संस्कृत मंत्र आणि सिद्धम् लिपी जपानला नेली, त्या अभ्यासातून हा क्रम घडला. च-वर्गाच्या जागी ‘सा’ची ओळ येते, प-वर्गाच्या जागी ‘हा’ची, कारण ‘हा’चा जुना उच्चार ‘पा’ होता. तक्ता पाठ करायला वेगळी युक्ती लागत नाही. दोन आठवड्यांत हिरागाना, पुढच्या दोन आठवड्यांत काताकाना हा वेग नोकरी सांभाळूनही जमतो. काताकाना लोक टाळतात आणि मग हॉटेलातला मेनू वाचता येत नाही.

कांजी किती? आणि पाठ कशा करायच्या?

कांजी म्हणजे चिनीतून आलेली, अर्थ दाखवणारी अक्षरं. रोजच्या वापरासाठी जपान सरकारने ठरवलेल्या यादीत २०१० च्या सुधारणेनंतर २,१३६ कांजी आहेत. त्यांतल्या १,०२६ जपानी मुलं प्राथमिक शाळेच्या सहा वर्षांत शिकतात. पहिलीत फक्त ८०. जी गोष्ट तिथली मुलं, चोवीस तास त्याच भाषेत राहून, सहा वर्षांत करतात ती तुमची एका पावसाळ्यात झाली नाही म्हणून खट्टू होऊ नका.

सर्वांत जास्त वेळ वाया जातो तो एकेक कांजी सुटी घेऊन तिचे सगळे उच्चार घोकण्यात. एका कांजीचे चार-पाच उच्चार असू शकतात आणि शब्दाबाहेर त्यांना काही अर्थ नसतो. शब्द शिका. ‘गाकुसेइ’ (विद्यार्थी), ‘सेन्सेइ’ (शिक्षक), ‘सेइकात्सु’ (रोजचं जगणं) हे तीन शब्द शिकलात की ‘जन्म, जगणे’ या कांजीचा ‘सेइ’ हा उच्चार आपोआप बसतो. तिचे बाकीचे उच्चार येतील तेव्हा येतील.

दुसरं, कांजी तोडून बघा. बहुतेक कांजी दोन-तीन ओळखीच्या तुकड्यांच्या असतात, आणि पुष्कळदा एक तुकडा अर्थ सुचवतो, दुसरा आवाज. निळ्या रंगाची एक कांजी आहे, उच्चार ‘सेइ’. तिला डावीकडे पाण्याचे तीन थेंब जोडले की ‘स्वच्छ’, सूर्य जोडला की ‘निरभ्र आकाश’, बोलण्याची खूण जोडली की ‘विनंती’. तिन्हींचा उच्चार ‘सेइ’. अशी कुटुंबं शेकड्यांनी आहेत. दोनशे-तीनशे कांजी झाल्यावर ही नाती दिसायला लागतात आणि नव्या कांजीचा उच्चार अंदाजाने सांगता येतो. सुरुवातीच्या शंभर सर्वांत जड जातात ते याच कारणाने.

हाताने लिहायच्या का? पहिल्या दोनशे-तीनशे तरी लिहा, रेघांच्या क्रमासकट. हात बसला की पुढच्या कांजी नजरेत नीट ठरतात. नंतर प्रत्येक कांजीची पानं भरत बसणं ही मला शिक्षा वाटते. जपानी माणसंही आता फोनवर टाइप करतात आणि लिहिताना विसरतात.

रोज किती वेळ द्यावा?

रविवारी सलग चार तासांपेक्षा रोज पाऊण तास. हर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ मध्ये स्वतःवरच केलेले प्रयोग प्रसिद्ध केले. निरर्थक अक्षरजोड्या पाठ करायच्या आणि किती विसरल्या ते मोजायचं. विसरण्याचा वेग सुरुवातीला सर्वांत जास्त असतो आणि अंतर ठेवून केलेली उजळणी एकाच बैठकीतल्या घोकंपट्टीपेक्षा जास्त टिकते, हे त्यातून दिसलं. पुढे सेबास्टियन लाइटनर या पत्रकाराने १९७२ मध्ये साधी पद्धत मांडली: चिठ्ठ्या आणि कप्पे असलेला खोका. आलेली चिठ्ठी पुढच्या कप्प्यात, चुकलेली पहिल्यात. पुढचे कप्पे उशिराने उघडायचे. २००६ पासून मिळणारं ‘अंकी’ हे मोफत सॉफ्टवेअर हेच काम संगणकावर करतं. आयफोनवरच्या अधिकृत अॅपला पैसे पडतात, अँड्रॉइडवर फुकट आहे.

‘अंकी’त एक धोका आहे. दुसऱ्याने बनवलेला सहा हजार शब्दांचा गठ्ठा उतरवून रोज पन्नास नवे शब्द सुरू केले की तिसऱ्या आठवड्यात उजळणीला दीडशे-दोनशे चिठ्ठ्या उभ्या राहतात आणि माणूस अॅप काढून टाकतो. रोज आठ-दहा नवे शब्द पुरेत. शक्यतो तुम्ही स्वतः वाचलेल्या-ऐकलेल्या वाक्यांतले.

शब्द पाहिला की अर्थ कळतो, पण बोलताना आठवत नाही. असं का?

कारण तुम्ही ओळखण्याचा सराव केला आहे, आठवण्याचा नाही. रोडिगर आणि कार्पिके या अमेरिकी संशोधकांनी २००६ मध्ये विद्यार्थ्यांच्या दोन गटांना उतारे दिले. एकाने ते पुन्हा पुन्हा वाचले, दुसऱ्याने उतारा बंद करून आठवेल ते लिहिलं. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तेव्हा आठवणारे. वहीवर रंगीत रेघा ओढत धडा चौथ्यांदा वाचणाऱ्यांनी हे जरूर लक्षात घ्यावं.

म्हणून: धडा झाला की पुस्तक मिटा आणि त्यातला संवाद तोंडाने म्हणा. अडाल तिथे उघडून बघा. शब्दांच्या चिठ्ठ्या मराठीकडून जपानीकडेही करा, एकाच दिशेने नको. स्वयंपाक करताना, बसमध्ये, दिवसात काय केलं ते मनात जपानीत सांगा. जो शब्द सापडला नाही तो संध्याकाळी शोधा. असा गरजेतून शोधलेला शब्द सहसा विसरला जात नाही.

अॅनिमे बघून जपानी येते का?

कान तयार होतो, गोडी टिकते. पण इंग्रजी सबटायटल लावून बघितलंत तर तुम्ही इंग्रजी वाचताय. पहिल्यांदा गोष्टीसाठी बघा, मग तोच पाच मिनिटांचा तुकडा जपानी सबटायटलसह, मग काही न लावता. आणि पात्रांची भाषा उचलून साहेबांपुढे वापरू नका. ‘ओमाए’ (तू) किंवा ‘ओरे’ (मी) पडद्यावर रुबाबदार वाटतं, मुलाखतीत ते ‘अरे ए’ म्हटल्यासारखं जाईल. तू, तुम्ही, आपण यांचं तारतम्य आपल्याला घरातच शिकवलेलं असतं. तेच इथे वापरायचं. आदरार्थी भाषा, म्हणजे ‘केइगो’, त्याहून पुष्कळ पुढे जाते, पण ती नंतर.

उच्चारात आरोह-अवरोह शिकावे लागतात का?

थोडे. तोक्योच्या बोलीत ‘हाशि’चा पहिला स्वर उंच असेल तर खायच्या काड्या, दुसरा उंच असेल तर पूल. चुकलं तरी संदर्भाने समजतं, म्हणून घाबरायचं कारण नाही. पण पहिल्या महिन्यापासून ध्वनिफितीच्या मागोमाग, तीच लय पकडून म्हणायची सवय लावा. मराठी माणूस बहुतेक वेळा सगळं सपाट आणि जोरात बोलतो. ‘देसु’मधला शेवटचा उ जवळजवळ ऐकूच येत नाही, ‘देस्’ होतो, हेही ध्वनिफितीवरूनच कळतं.

क्लास लावू की घरी शिकू?

पहिलं वर्ष शक्य असेल तर क्लास. उच्चार आणि प्रत्यय यांतल्या चुका सांगायला कोणीतरी समोर हवं, आणि दर आठवड्याला गृहपाठाचा धाक हवा. पुण्यात सोय उत्तम आहे: विद्यापीठाच्या विदेशी भाषा विभागाचे रानडे इन्स्टिट्यूटमधले अभ्यासक्रम, टिळक महाराष्ट्र विद्यापीठ आणि असंख्य खासगी वर्ग. क्लास निवडताना एका तासाला बसून बघा आणि विद्यार्थी किती वेळ बोलतात ते मोजा. शिक्षकच पूर्ण वेळ बोलत असेल तर दुसरा शोधा.

गावात वर्ग नसेल तर जपान फाउंडेशनचं ‘इरोदोरी’ हे पाठ्यपुस्तक ध्वनिफितींसह त्यांच्या संकेतस्थळावर मोफत आहे. त्यात दुकान, दवाखाना, कामाची जागा असे प्रसंग धरून धडे आहेत. घरी शिकणाऱ्याने आठवड्यातून एकदा तरी कोणाशी बोलायचं ठरवून टाकावं.

जेएलपीटीची कोणती पातळी द्यावी? पास व्हायला किती गुण?

जेएलपीटी म्हणजे जपानी भाषा प्रावीण्य परीक्षा. ती १९८४ पासून होते. २०१० पासून पाच पातळ्या आहेत: एन५ सर्वांत सोपी, एन१ सर्वांत कठीण. भारतात जुलै आणि डिसेंबर, दोन्ही वेळा होते. पुणे आणि मुंबई या दोन्ही ठिकाणी केंद्र आहे. एकूण गुण १८०. उत्तीर्ण व्हायला एन५ ला ८०, एन४ ला ९०, एन३ ला ९५, एन२ ला ९० आणि एन१ ला १०० लागतात. शिवाय प्रत्येक विभागात किमान गुण हवेत. श्रवणाचे ६० पैकी १९ आले नाहीत तर एकूण कितीही असोत, नापास. दर वर्षी हुशार, वाचनात पक्की असलेली मुलं इथेच अडकतात.

शब्दांची आणि कांजींची अधिकृत यादी २०१० पासून प्रसिद्ध होत नाही. बाजारात ‘एन४ चे शब्द’ म्हणून मिळतं ते अंदाजावर बेतलेलं असतं. कामापुरतं ते ठीक.

महत्त्वाचं म्हणजे या परीक्षेत बोलणं नाही आणि लिहिणंही नाही. सगळी उत्तरं पर्याय निवडून द्यायची. त्यामुळे एन३ उत्तीर्ण पण स्वतःची ओळख करून देताना घाम फुटणारे उमेदवार मुलाखतींना येतात. परीक्षेचा अभ्यास आणि बोलण्याचा सराव या दोन वेगळ्या गोष्टी आहेत असं धरूनच वेळापत्रक करा.

जपानला कामाला जायचं आहे. तेवढ्यासाठी किती भाषा लागते?

कामावर अवलंबून. शुश्रूषा, शेती, हॉटेल अशा क्षेत्रांसाठीचा ‘विशिष्ट कौशल्य’ व्हिसा जपानने एप्रिल २०१९ मध्ये सुरू केला आणि भारताशी त्याबाबतचा करार जानेवारी २०२१ मध्ये झाला. त्याच्या पहिल्या टप्प्यासाठी साधारणपणे एन४ किंवा जेएफटी-बेसिक लागते. ही दुसरी परीक्षा संगणकावर होते, २५० पैकी २०० गुण मिळवावे लागतात. शुश्रूषेसाठी वेगळी भाषा परीक्षाही आहे. आयटी कंपन्यांत जपानी ग्राहकांशी बोलणाऱ्या कामासाठी एन३-एन२ची अपेक्षा असते, दुभाष्याच्या कामाला त्याहून वर. दलालाने ‘भाषा तिकडे गेल्यावर शिका’ असं सांगितलं तर तिथूनच परत फिरा.

एन४ पर्यंत भराभर गेलो. एन३ ला येऊन अडकलो आहे.

सगळेच अडकतात. तोपर्यंत पाठ्यपुस्तक पुढे नेत असतं. एन३ नंतर ते काम वाचनाने करायचं असतं आणि बहुतेक जण वाचत नाहीत, आणखी एक व्याकरणाचं पुस्तक घेतात.

सोपं वाचा. किती सोपं? शब्दसंपदेचा अभ्यास करणाऱ्या पॉल नेशन आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या मते, कोशाच्या मदतीशिवाय मजकूर नीट समजायला त्यातले सुमारे ९८ टक्के शब्द ओळखीचे हवेत. म्हणजे पन्नास शब्दांत एखादाच अनोळखी. वर्तमानपत्राच्या अग्रलेखात तुम्हाला दर ओळीत तीन अडतात, तो आत्ता बाजूला ठेवा. ‘तादोकु’ म्हणजे भरपूर वाचन या चळवळीतली पातळीवार गोष्टींची छोटी पुस्तकं इंटरनेटवर मोफत मिळतात. खालच्या पातळीची, लाज वाटेल इतकी सोपी घ्या आणि एका बैठकीत संपवा. कोश बाजूला ठेवा, न कळलेलं ओलांडा, कंटाळा आला तर पुस्तक बदला. चार-सहा महिन्यांत वाचनाचा वेग वाढलेला दिसतो, आणि एन३ च्या पेपरात खरी टंचाई वेळेचीच असते.

वय पन्नाशीच्या पुढे आहे. उशीर झाला का?

उच्चार लहान मुलासारखा होणार नाही. बाकी सगळं होतं. नव्या शब्दांचा रोजचा आकडा निम्मा ठेवा. निवृत्त विद्यार्थी गृहपाठ चुकवत नाहीत, हा त्यांचा मोठाच फायदा.

भाषांतराची अॅप आणि एआय असताना शिकायचंच कशाला?

पाटी वाचायला, दुकानात विचारायला अॅप पुरेल. ते खुशाल वापरा. अभ्यासातही एआयचा उपयोग आहे: तुम्ही लिहिलेल्या चार वाक्यांतल्या चुका दाखवायला सांगा, चुकीचं कारण मराठीतून विचारा. नवं शिकणाऱ्याला त्याने सांगितलेलं चूक की बरोबर हे ओळखता येत नाही, म्हणून शंका आली तर शिक्षकाला विचारा. गृहपाठ त्याच्याकडून लिहून घेतला की काय होतं ते पुढच्या तासाला वर्गात सगळ्यांना कळतं.

डिसेंबरला एन५ द्यायची आहे आणि आज ऑगस्ट उजाडला. जमेल?

हिरागाना-काताकाना येत असेल तर जमेल. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये पाठ्यपुस्तकाचा एन५ चा भाग संपवा, ऑक्टोबरपासून रोज वीस मिनिटं फक्त श्रवण, नोव्हेंबरात घड्याळ लावून नमुना प्रश्नपत्रिका. परीक्षेच्या अधिकृत संकेतस्थळावर नमुना प्रश्न मोफत आहेत. नोंदणीची मुदत परीक्षेच्या काही महिने आधीच संपते आणि मोठ्या शहरांतल्या जागा लवकर भरतात, त्यामुळे अभ्यासाचं वेळापत्रक आखण्याआधी अर्जाच्या तारखा बघा.